निळ्या गाडीचे मागचे दोन टायर

३ मार्च, सोमवार

गॅरेजवाल्या रंगाअण्णांनी आजही पत्र दिलं नाही. "सरी डा, पाहूं." म्हणजे बरं रे, बघू. तीन आठवडे 'पाहूं'च चाललंय.

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात टेस्ट ट्रॅकवर मेकॅनिक घेतायत. आठवी नापास चालतो, पण गॅरेजमालकाचं पत्र पाहिजे — याने तीन वर्षं माझ्याकडे काम केलं म्हणून. सतराला परीक्षा. पत्र नसेल तर गेटच्या आत घेत नाहीत. यशनं फॉर्म वाचून सांगितलं. यश माझ्या खोलीत राहतो, नाशिकचा, कॉम्प्युटरवाला. त्याला नोकरी सोडायची झाली तर चार ओळी टाइप करतो, संपलं.

४ मार्च

अण्णा तंजावरकडचे मराठी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, नाटकातला सरदार बोलतोय. आज हसत म्हणाले, "मजला सोडून जातोस काय रे गजा? गाडीचे पोटांत काय दुखतें, हें मजला कोण सांगेल?"

मी हसलो नाही. हात लावला की मला कळतं, हे खरं आहे. तेच नडतंय. काम येत नसतं तर कधीच हाकलला असता आणि बरं झालं असतं.

६ मार्च

रामस्वामी सार आले. डोळ्यांचे डॉक्टर. तीन स्पोर्ट्स गाड्या आहेत, तिन्ही चारही चाकं ओढणाऱ्या. बायको म्हणते, एक ठेवा, दोन विका. अण्णांना म्हणाले, "रविवारी रेसच्या ट्रॅकवर चालवतो. तुमचा गजेंद्र शेजारी बसेल. तो म्हणेल ती ठेवतो."

अण्णा नाही. गजेंद्र! तीन वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

दिवसभर ट्रॅकवर. एका वळणावर टँकरनं पाणी मारून घेतलं आणि तिन्ही गाड्या तिथंच पळवल्या.

पांढरी. मधे गिअरची पेटी, ताकद कायम पुढे-मागे वाटलेली. कधी दगा देत नाही. पण ओल्यात नाक बाहेर पळतं, वळायचं नाव काढत नाही. सार म्हणाले, "सेफ आहे." म्हटलं, सेफ आहे, पण झोपलेली आहे.

लाल. पुढच्या चाकांना विजेच्या मोटारी, मागे इंजिन, दोघांत दांडाच नाही. वळणात नाकाला धरून आत ओढते. पण आठ-दहा फेऱ्या मारल्या, बॅटरी उतरली आणि पुढची चाकं गप्प. तीच गाडी, वागणं दुसरं.

निळी. चालते मागच्या चाकांवर. मधे क्लचच्या प्लेटा. मागचं चाक जरा घसरलं की प्लेटा आवळतात आणि ताकद पुढे जाते. पापणी लवायच्या आत. पण ती लवायची वेळ पाठीला कळते — आधी गाडी सुटते, मग पकडते. म्हणजे माणसाला सांगून करते.

मी म्हटलं, निळी ठेवा. फक्त चारही टायर सारखे झिजलेले पाहिजेत. मागचे-पुढचे कमीजास्त झाले तर प्लेटांना वाटत राहतं चाक घसरतंय. सारख्या आवळत बसतात आणि जळतात.

सार म्हणाले, "फायनल. निळी." अण्णा तोंड फिरवून चहा पीत होते.

१० मार्च

ट्रॅकवर निळीचे मागचे दोन टायर गोटा झाले. सारांना उद्या पाँडिचेरीला जायचंय. तसले चार टायर यायला पंधरा दिवस. अण्णांकडे दोनच होते. ते मागे घातले.

मी मोजून दाखवलं. मागे आठ मिलिमीटर नक्षी, पुढे तीन. म्हटलं अण्णा, ही सोडू नका.

"दोनशें किलोमीटर नाहीं जात रे. कांहीं होत नाहीं."

मी सारांना फोन केला नाही. का नाही केला?

१२ मार्च

निळी ट्रकवर लादून आली. खाली शिरलो तर जळका वास. खोलून पाहिलं, प्लेटा काळ्या.

१३ मार्च

अण्णांनी दार लावून घेतलं. जॉब कार्ड पुढे ठेवलं, दहा तारखेचं, नवीन लिहिलेलं. "चार टायरांचे आकडे तूं भर. मागें आठ, पुढें सात. खालीं सही."

म्हटलं, पुढे तीन होते.

"पुढचे टायर काढून भंगारांत टाकले. आतां कोण मोजतो?" मग ड्रॉवर उघडून कोरं लेटरहेड काढलं. कार्डाच्या शेजारी ठेवलं.

१४ मार्च

सही केली.

१५ मार्च, शनिवार

सार आले. अण्णांनी कार्ड दाखवलं. "आमचे गजानें स्वतः मोजलें आहे, सार."

सारांनी माझी सही बघितली. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, "म्हणजे टायर बरोबर होते आणि तरी जळलं. सिस्टमच नाजूक. गजेंद्र, तू चुकलास रे. असू दे, होतं. निळी विकतो. पांढरी ठेवतो."

मी मान हलवली. मान हलवली मी! जगातल्या एका गोष्टीत माझं बरोबर होतं आणि तीच मी चूक म्हणून कबूल केली.

संध्याकाळी पत्र मिळालं. शिक्का, सही, सगळं.

१६ मार्च

यशनं पत्र वाचून दाखवलं. "'अत्यंत विश्वासू' लिहिलंय भावा. पार्टी पाहिजे." म्हटलं, पोटात बरं नाही.

मांबलम स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तीन वर्षं अण्णांनी धरून ठेवलं असं म्हणत होतो. आता सोडलंय, आणि छातीवर कोण बसलंय कळत नाही.

१७ मार्च, सोमवार

परीक्षेला गेलो नाही. सकाळी सात वाजता सारांच्या घरी गेलो. पुढे तीन होते, म्हटलं. निळी विकू नका. पत्र टेबलावर ठेवलं, ते कसं मिळालं तेही सांगितलं.

सारांनी पत्र वाचून घडी केली. मग म्हणाले, "रंगा तुला आता ठेवणार नाही." माहीत आहे म्हटलं.

दहा वाजलेत. खोलीवर एकटा आहे. गॅरेजला जायचं नाही, श्रीपेरुंबुदूरला जायचं नाही. भूक लागलीय.