शेंड्यावरचे पेरू

बोगादी, गुरुवार संध्याकाळ

वटवाघळं पेरू खातात म्हणून यांनी जाळी आणली होती. जाळीत पंख अडकतात, मी नको म्हटलं. मग यांच्या शिलाईच्या दुकानातल्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून पेरूंना बांधल्या. शेंड्यावरचे तेवढे उघडे ठेवू म्हटलं, तर चिडले. "ती काय तुझी माहेरची? सुम्ने, गपचूप बांध सगळे." बांधले. पण दिवसभर तेच मनात. त्यांनी खायचं काय? समोरचा उंबरही नव्या घरासाठी तोडला.

आत्ता वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले, तर शेंड्यावरचे पेरू उघडे. पिशव्या कठड्यावर, नीट घडी घालून ठेवलेल्या. यांना विचारलं.

"वटवाघळांनीच सोडल्या असतील."

असतील, म्हटलं. घडी न मोडता पिशव्या आत नेऊन ठेवल्या.