दुसरा पलंग

३ मार्च, सोमवार

आज भांडले. सेटवर, पहिल्याच दिवशी! निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण जिभेला कोण निवृत्त करणार.

वेब सिरीज आहे. दोन बायका, तीस वर्षं एका घरात. जोडपं. मागे कुठली मोठी कंपनी नाही, पोरं आपली आपण जमून करतायत, भाड्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. डायरेक्टर म्हणजे एवढीशी मुलगी. लहानपणी तिने माझ्या नाटकांचे सेट पाहिले होते म्हणे, म्हणून नेपथ्याला मला बोलावलं. सारखी मावशी मावशी करते. तर हिने खोलीत भला मोठा डबलबेड मांडून ठेवलेला, वर गुलाबी उशा. मी म्हटलं, हा आधी उचला. त्या काळी अशा दोघींच्या खोलीत दोन पलंग असायचे. एक झोपायला, एक दाखवायला. ती म्हणे, स्क्रिप्टमध्ये एकच आहे. मी म्हटलं, मग स्क्रिप्ट चुकलीय. पाऊण तास हेच.

शेवटी ऐकलं तिने. मग विचारते कशी, “पण मावशी, तुम्हाला कसं माहीत?”

नाटकात जन्म गेला माझा, म्हटलं. दुसरं काय सांगणार!

५ मार्च, बुधवार

जुना लोखंडी पलंग कुठे म्हणून मिळेना. दिसले ते सगळे नवे, चकचकीत. शेवटी घरचाच दिला. टेम्पो आला, दोघांनी उचलला, गेला. आठ दिवसांचा तर प्रश्न.

मास्तरीणबाई बाहेरून आली आणि खोलीच्या दारातच थबकली. (शाळेत गणित शिकवायची, तेव्हापासून हेच नाव. एकतीस वर्षं झाली आम्हाला, अजून खऱ्या नावाने हाक मारली की दचकते.) “आपलं घर उचलून दिलंस तू,” एवढंच म्हणाली.

६ मार्च, गुरुवार

अबोला चालू. चहा मात्र दोन कप केला तिने.

८ मार्च, शनिवार

सीन असा – सकाळी कामवाली यायच्या आत दुसऱ्या पलंगाची चादर चुरगळून ठेवायची. रात्री तिथे कुणी झोपलं होतं असं वाटायला हवं. हे मीच बोलता बोलता बोलून गेले होते, डायरेक्टरने दुसऱ्या दिवशी लिहूनच आणलं.

धाकट्या नटीला जमेना. हाताने चादर ओढत बसली. अगं, हाताने नाही! मी गेले, पलंगावर आडवी झाले, एकदा कुशीवर वळले, उशीत डोकं रुतवलं, उठताना पांघरूण पायाने ढकललं. दहा सेकंद. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी करतेय, हातपाय आपोआप चालतात. उठून बघितलं. कॅमेरावाला जमिनीकडे बघत होता.

डायरेक्टरने काही विचारलं नाही. स्वतः चहा घेऊन आली. गडबडीत साखर विसरली होती, पण प्यायले.

११ मार्च, मंगळवार

थोरल्या नटीला कांजिण्या. शूटिंग पंधरा दिवस बंद. पलंग निम्म्या सीनमध्ये दिसून गेलाय, भिंतीपासून किती बोटं लांब हेसुद्धा मी स्वतः मोजून लिहिलंय, आता तो तिथून हलवता येत नाही.

आणि संध्याकाळी दादाचा फोन. डोळे दाखवायला शनिवारी येतोय. सोमवारी जाणार.

आली का पंचाईत! तो पलंग दादानेच तर पाठवला होता. हे घर घेऊन आठवडा झाला नव्हता, तोच टेम्पो दारात. सोबत चिठ्ठी – दोघींना दोन हवेत. किती भोळा आपला दादा, म्हणून हसलो होतो आम्ही. दर खेपेला येतो तेव्हा त्याच्यावर टेकून बसतो. नाही दिसला तर विचारणारच. शूटिंगला दिला म्हणावं, तर कसली सिरीज तेही सांगावं लागेल.

मास्तरीणबाईच्या घरच्यांनी तिला केव्हाच तोडलं. एक पत्र आलं, चार ओळींचं, संपलं. माझ्याकडचं माणूस म्हणाल तर हा एक दादा. “माझे गेले ते गेले,” ती म्हणाली, “तुझा भाऊ तरी राहू दे.” मी तिच्यावर खेकसले. कारण मलाही तीच भीती वाटत होती.

१३ मार्च, गुरुवार

मास्तरीणबाई थाप पाठ करतेय. कॉपी करणाऱ्या एकाही पोराला जन्मात सोडलं नाही हिने – आणि आता आरशासमोर उभी!

१५ मार्च, शनिवार

दादा आला. थकलाय. आल्या आल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासायला थेंब घातले, त्याला संध्याकाळपर्यंत सगळं धूसर. हॉलमधल्या दिवाणावर पडून राहिला. आजचा दिवस निभावला. त्या थेंबांचं भलं होवो.

१६ मार्च, रविवार

दुपारी जेवण झालं. उशी हवी म्हणून दादा उठून आत गेला. मी मागोमाग धावले, पण तो दारात पोचलाच होता. पलंगाची जागा रिकामी. फरशीवर चार पायांचे चार काळे डाग, कितीही पुसले तरी न जाणारे. मास्तरीणबाईने श्वास घेतला आणि पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं, “वाळवी लागली. टाकून दिला.”

दादा तिच्याकडे वळला.

“लोखंडाला?”

मास्तरीणबाईचे कान लालबुंद! एवढे दिवस आरशासमोर पाठांतर केलं आणि पलंग कशाचा होता तेच विसरली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दादाने उशी घेतली, दिवाणावर गेला, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपला. उठल्यावर पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा कुत्रा, स्वतःचे गुडघे, सगळ्यावर बोलला. त्या एका गोष्टीवर नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी परत घासत राहिलो. सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. बाहेर जाऊन उभीही राहिले त्याच्यासमोर. चष्मा सापडला का, असं विचारून परत आले.

सत्तरीला आलेला भाऊ. उद्या गेला की फोन करायचा थांबेल, हळूहळू. भांडणार नाही तो. भांडला असता तर बरं होतं.

१७ मार्च, सोमवार

दादाला गाडीत बसवून दिलं. मास्तरीणबाई पाण्याची बाटली आणायला गेली, तेवढ्यात खिडकीतून मला जवळ बोलावलं त्याने. म्हणाला, “पलंग गेला ते बरं झालं. आई तुमच्याकडे राहायला येते म्हणाली, तिला खोलीत एकच पलंग दिसू नये म्हणून मी घाईघाईने पाठवला होता. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली गं. एवढे दिवस कुणासाठी ठेवलात?”