आठशे सेहेचाळीस भागीदारांना दिलेली संमती

मैसूर, कुवेंपुनगर

तीर्थरूप भवानीअक्कास,

धाकट्या जगन्नाथाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्षात कंबर इतकी वाकत नाही, पण कागदावर वाकते, आणि सध्या तिने वाकायलाच हवं.)

तुझा उजवा गुडघा कसा आहे? तुझी पुतणी तुंगा सकाळी शेकायला गरम पाणी देते ना? हुणसूरला या दिवसांत तंबाखूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, तो वास तुला सोसतो का? इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तू मोबाइल कपाटात कोंडून ठेवलास आणि असल्या डबड्याला पुन्हा हात लावणार नाही म्हणालीस, हे तुंगाने कळवलं. म्हणून पोस्टाने लिहितो आहे. मी पाकीट मागितलं तेव्हा पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी मला दोनदा निरखून पाहिलं आणि मग आत जाऊन ते शोधून आणलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुला घर सोडायला लावणाऱ्या त्या जाहिराती आपल्या टॅबवर कुठून आल्या, याचा मी तीन आठवडे शोध घेतला आहे. तू त्या गुरुवारी खोबऱ्याच्या वड्यांची कृती बघत होतीस, तर साखरेच्या पाकाच्या बरोब्बर वर एक पांढऱ्या केसांची बाई आरामखुर्चीत बसून हसत होती: ‘आईवडिलांसाठी मायेचं दुसरं घर, चोवीस तास नर्स.’ पंचांग उघडलंस तर राहुकाळाच्या शेजारी तीच बाई. कन्नड पेपर उघडलास तर तिथेही ती, आणि आता तिच्यासोबत एक म्हातारा कॅरम खेळत होता. शनिवारी बॅग भरलीस आणि हुणसूरच्या बसमध्ये बसल्यावर खिडकीतून मला म्हणालीस, “जगू, सुमित्रेला मी जड झाले असले तर सुम्ने, उगाच, त्या टॅबला कशाला सांगायचं? मला सांगायचं होतं की.”

नऊ वर्षं तू आणि सुमित्रा, नणंद-भावजय, एका स्वयंपाकघरात नांदलात. भांड्याला भांडं लागलं असेल, पण फुटलं कधी नाही. तुझ्या त्या बोलण्यावर मी काय केलं? खिडकीतून तुला पाण्याची बाटली दिली आणि झाकण घट्ट आहे की नाही ते बघायला सांगितलं. बस गेली. मी घरी येऊन सुमित्रेला तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आणि तेव्हापासून तिचं रडणं थांबलेलं नाही. देवापुढच्या समईवर हात ठेवून ती म्हणाली की तिने असलं काही बघितलं नाही. सकाळचं डिकॉक्शन अजून तिघांचंच पडतं. तुझ्या वाटणीची कॉफी मी पितो, आणि त्यामुळे माझं पित्त वाढलं आहे. (हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. थोडंसं लिहितो आहे.)

तर शोध. वरच्या मजल्यावरची आपली भाडेकरू ईश्वरी, साताऱ्याची, कॉम्प्युटर कंपनीत आहे, तिला मी चहाला बोलावलं. तिने समजावलं ते असं की आपण कुठलंही पान उघडलं की ते आपल्या यंत्रात एक बारीकशी चिठ्ठी ठेवून जातं. तिला कुकी म्हणतात. हा माणूस इथे आला होता, त्याने हे बघितलं, असं त्यात असतं. मग दुसऱ्या पानावर गेलं की तिथला जाहिरातवाला ती चिठ्ठी वाचतो आणि त्याप्रमाणे माल मांडतो. पण चिठ्ठी ठेवण्याआधी त्यांनी आपली परवानगी घ्यायची असते, म्हणून ती चौकट येते. मग तिने मला विचारलं की चौकट आली की काका तुम्ही काय करता.

अक्का, हे सांगताना मला ओशाळायला होतं. मी सकाळी उठलो की आधी टॅबवर पेपरच्या पानावर केआरएस धरणाची पातळी बघतो. पातळी दिसायच्या आत ती चौकट येते: ‘आम्ही तुमच्या खासगीपणाची कदर करतो.’ खाली मोठं निळं बटण, ‘सर्व स्वीकारा’. आता तूच सांग, समोरचा इतक्या अदबीने बोलतो आहे, कदर करतो म्हणतो आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? दारात आलेल्याला ‘नाही’ हा शब्द ऐकवायचा नाही, हे अण्णांनी आपल्याला शिकवलं. अण्णांनी एकाच आठवड्यात तीन छत्रीवाल्यांकडून तीन छत्र्या घेतल्या होत्या, आणि तिसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून पहिल्या दोन लपवल्या होत्या. मी त्यांचाच मुलगा. गेली चार वर्षं मी सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना होय म्हणत आलो.

ईश्वरीने ती चौकट आतून उघडून दाखवली. आत यादी. पेपरवाल्यांचे आठशे सेहेचाळीस भागीदार. धरणात किती फूट पाणी आहे हे बघायला मी आठशे सेहेचाळीस परक्यांना घरात घेतलं होतं! बेळगोळच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेटपासवर माझी सही चालायची. वाचल्याशिवाय मी एक स्क्रू बाहेर जाऊ दिला नाही. साहेबांची स्वतःची सायकल अडवली होती. तोच मी अख्खं घर उघडं टाकून बसलो होतो, आणि ती पोरगी ‘असू द्या काका, सगळेच करतात’ म्हणाली, त्याने तर आणखीच मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसून त्या भागीदारांना एकेक करून बंद करू लागलो. जेवणापर्यंत दोनशे बारा झाले. सुमित्रेने ताट वाढलं म्हणून उठलो, परत आलो तर टॅब झोपला होता, आणि जागा केल्यावर सगळे आठशे सेहेचाळीस पुन्हा हजर. संध्याकाळी ईश्वरी म्हणाली की ‘सर्व नाकारा’ असंही बटण असतं, पण ते दुसऱ्या पानावर, फिकट अक्षरांत. मग तिने जुन्या सगळ्या कुकीज पुसून टाकल्या. त्यासरशी टॅबने आम्हाला ओळख दाखवायचंच सोडलं. विजेच्या बिलाचं पान विचारतं तुम्ही कोण, रेल्वेचं विचारतं तुम्ही कोण, आणि पासवर्ड तू पंचांगाच्या मागे लिहिले होतेस ते पंचांग गेल्या पाडव्याला रद्दीत गेलं.

एक गोष्ट ईश्वरीने जाता जाता सांगितली. अशा जाहिराती बहुधा कोणी त्या संस्थेच्या पानावर जाऊन आलं की मागे लागतात. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोट घसरतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कॅलेंडरकडे. तेव्हा निष्कर्ष असा की दोष यंत्राचा आहे. सुमित्रेचा तर मुळीच नाही. टॅब आता स्वच्छ आहे, ती आरामखुर्चीतली बाई गेली आहे, तरी तू निश्चिंत मनाने परत यावंस, ही विनंती. तुंगाला आशीर्वाद.

तुझा,
जगू

ता. क. मैसूर मल्लिगेच्या वेलाला कळ्या आल्या आहेत. सुमित्रा तोडत नाही.

ता. क. पाकीट डिंक लावून बंद केलं होतं, ते फाडून पुढचं लिहितो आहे. पत्र सुमित्रेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे टॅबचं पत्र झालं. तुमचं कुठाय?” तिला कधी आणि कशावरून कळलं, विचारायची हिंमत झाली नाही.

बोट घसरलं नव्हतं, अक्का. कृष्णराजनगरचे पाहुणे आले होते तो दिवस आठव. मी गणितात नापास झालो होतो आणि निकालाच्या दिवशी देवराज मार्केटात केळ्यांच्या मागे लपलो होतो, हे तू सगळ्यांसमोर सांगितलंस आणि सगळे हसले. सुमित्राही हसली. मला अडुसष्टाव्या वर्षी राग आला. गच्चीवर जाऊन मी स्वतः टॅबवर ‘वृद्धाश्रम मैसूर’ असं लिहिलं. फॉर्म भरला. नाव भवानीबाई, वय चौऱ्याहत्तर, स्वभाव या रकान्यात ‘हट्टी’. शेवटी एक चौकोन होता: ‘राहायला येणाऱ्या व्यक्तीची संमती आहे.’ त्यात मी बरोबरची खूण केली. संध्याकाळी तू केलेले डोसे पाच खाल्ले आणि ते सगळं विसरलो. बसच्या खिडकीत तू सुमित्रेचं नाव घेतलंस तेव्हा मला आठवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझा राग तिच्यावर राहिला तर मी सुटतो, असं वाटलं आणि गप्प बसलो. तीन आठवडे ती माझ्या वाटणीचं रडते आहे. मला लाज वाटते.

ता. क. त्या संस्थेच्या बाई रोज अकरा वाजता फोन करून विचारतात की भवानीबाई कधी येणार. काल मी त्यांना सांगितलं की फॉर्म मी भरला होता, बहिणीला विचारलं नव्हतं, आणि तिचं नाव काढून टाका. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं की मग आता बहिणीला विचारलंत का.

म्हणून विचारतो. रविवारी सकाळच्या बसने मी आणि सुमित्रा हुणसूरला यायचं म्हणतो. तुला न्यायला नाही, नुसतं भेटायला. येऊ का? तुंगाकडून निरोप पाठव. तुझा निरोप आल्याशिवाय आम्ही निघणार नाही, आणि ‘येऊ नका’ असा आला, तर तोही मी सुमित्रेला मोठ्याने वाचून दाखवीन.