अकराच्या दोन रिंगा

१२ जानेवारी २०२५

फोन पुन्हा मेला. घाटाखाली रस्ता खोदायला घेतल्यापासून ही तिसरी वेळ. चार दिवस चालतो, आठ दिवस बंद. पोलादपूर स्टँडवर अठ्ठावीस वर्षं एस.टी.चा कंट्रोलर होतो. कशेडी घाट उतरून येणारी गाडी दहा मिनिटं उशिरा आली तरी ड्रायव्हरची खरडपट्टी काढायचो. इथे कोणाची काढू?

ही आज जेवली बऱ्यापैकी. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून हिचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलीत. नुसतं आ... आ. पेज मी भरवतो. चाळीस वर्षं तिने वाढलं, आता माझी पाळी.

१५ जानेवारी

फोन सुरू झाला. अकरा वाजता दोन रिंगा — आणि बंद! तोच तो रिकामटेकडा!

नोकरीत होतो तेव्हा अकराला घरी नसायचो. रिटायर झालो तेव्हा कळलं, हे रोजचंच आहे. ही म्हणायची, "लाइन तपासतात ओ ते." मी मानलं. काल महाडच्या टेलिफोन ऑफिसात विचारलं तर तिथला माणूस हसला. "रोज अकराला कोण तपासणार, काका?" म्हणजे इतकी वर्षं कोणीतरी आमची टिंगल करतंय. सापडू दे एकदा!

२० जानेवारी

किशोर मुंबईहून आला, माझ्या भावाचा मुलगा. म्हणतो, "काका, ती तांब्याची तार सोडा. फायबर घ्या. महाडची फिजिओथेरपीवाली मॅडम व्हिडिओ कॉलवर रोज व्यायाम घेईल. काकी बोलायला लागेल."

घरात मोबाइलला रेंज नाही, फणसाखाली जाऊन उभं राहावं लागतं. ही बोलणार असेल तर भिंतीला सतरा भोकं पाडा म्हणालो.

२८ जानेवारी

फॉर्म भरला. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "जुना नंबर नव्या लाइनवर ठेवायचा, की नुसतं इंटरनेट?"

"नुसतं इंटरनेट!" तो नंबरच नको. अकराची कटकट कायमची जाते.

किशोर म्हणाला, "राहू दे ना काका, सगळ्यांकडे तोच आहे." सगळे म्हणजे कोण? कुणाच्या मयताची खबर द्यायची तर मोबाइल आहे की! सही ठोकली.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने डोळे मोठे केले. डावा हात वर केला, दोन बोटं दाखवली. आ... आ... म्हटलं, होय गो, आठवड्यात येणार तुझं इंटरनेट. तरी बोटं खाली घेईना.

४ फेब्रुवारी

बसवलं. भिंतीवर पांढरा डबा, हिरवे दिवे लुकलुक. जुना फोन काढून कपाटावर ठेवला, फडकं टाकून. किशोरने हिच्यासाठी टॅब आणलाय, कॉटसमोर उभा केला. मॅडम दिसली, हसली, म्हणाली, "आजी, म्हणा — पा-णी." हिने तोंड फिरवलं. लाजली असेल.

५ फेब्रुवारी

अकरा वाजले. शांत! सुटलो एकदाचा.

११ फेब्रुवारी

ही जेवत नाही. तोंडच उघडत नाही. सकाळी घड्याळाकडे बघत राहते, मग कपाटाकडे, मग माझ्याकडे. दोन बोटं.

दोन गोळ्या? नाही. दोन उशा? नाही. संडासला? नाही. शेवटी वाटी आपटली मी. ओरडलो, "नीट सांग ना मग!"

जिला बोलता येत नाही तिला असं म्हणालो. लिहायला लाज वाटते.

१९ फेब्रुवारी

मॅडम म्हणते, आजी साथच देत नाहीत. महाडला डॉक्टरला दाखवलं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाला. "घरात काही झालंय का? त्यांनी जगायचं सोडून दिलंय." घरात काय होणार? दोनच माणसं.

उचलून गाडीत ठेवली तेव्हा हाताला काही लागलंच नाही. नुसती हाडं.

२ मार्च

चार चमचे दूध. एवढंच.

१३ मार्च

होळी. शेजारची काशीबाई शिमग्याला मुंबईहून आली. जानेवारीपासून मुलाकडे होती. हिला बघून दारातच बसली. "काय गो ही दशा केलीस बाय!"

हिने दोन बोटं वर केली. मी म्हटलं, दीड महिना झाला, हेच चाललंय. काशीबाईने इकडे तिकडे बघितलं. "फोन कुठं हाय तुमचा?"

"काढला."

"काढला? आन् नंबर?"

"तो पण सोडला."

तिने कपाळावर हात मारला. मला बाहेर पडवीत ओढत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "तुमच्या लेकीचा, समीचा फोन असायचा ओ तो! लग्नानंतर तिनं माझ्याकडं चिठ्ठी धाडलेली, पत्ता-नंबर काय नव्हता, नुसती खूण. दोन वाजल्या की बरी हाय. तीन वाजल्या की काय तरी अडचण हाय. सात वर्षांत तीन कधी वाजल्या नाय."

म्हटलं, पण मी तर हिला शपथ घातली होती.

"घातलीत ना? तुमच्या गळ्याची! मोडली नाय तिनं. पोरीशी एक शब्द बोलली नाय. नुसत्या रिंगा ऐकल्या."

होळीला गेलो नाही. बाहेर ढोल वाजत होते, मी पडवीत बसून राहिलो.

१४ मार्च

सगळं लिहून काढतो. दुसऱ्या कोणाला सांगू?

समीक्षा आमची एकुलती एक. महाडच्या कॉलेजात शिकायला पाठवली मीच. २०१८च्या जूनमध्ये त्याच फोनवरून तिने सांगितलं, "बाबा, आम्ही लग्न केलं." मुलगा तिच्या वर्गातला, शिकलेला, निर्व्यसनी. पण आपल्यातला नाही. मी म्हणालो, "तू आम्हाला मेलीस." आणि फोन ठेवला. शेजारी ही उभी होती. हिचा हात माझ्या गळ्याला लावला — समीशी एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

स्टँडवर लोक विचारायचे, लेक कुठे दिलीत? मी गाड्यांची घोषणा करायचो.

ही रोज अकराला हातातलं काम टाकून त्या फोनपाशी बसायची. कधी वाल सोलत, कधी नुसतीच. मी बघितलं नाही असं नाही. विचारलं नाही.

गाढव आहे मी. माझ्या हाताने तोडला तो नंबर.

१६ मार्च

किशोरला फोन केला. समीचा नंबर काढ म्हटलं. म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलं होतंत, तिच्याशी बोलेल त्याने या घरात पाय ठेवायचा नाही. कोणाकडे असणार नंबर?" कुठेतरी पुण्याकडे गेली एवढंच त्याला माहीत. फेसबुकवर शोधलं. त्या नावाच्या ढीगभर पोरी. आपली नाही.

२० मार्च

महाडला गेलो नंबर मागायला. आज चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं. आमचे जावई त्यांच्यातले. जावई! पहिल्यांदाच लिहिला हा शब्द.

वाटलं, दर वर्षी येत असतील. आजही आले असतील दोघं. तीन तास कडेला उभा राहून बायकांची तोंडं बघत होतो. एका म्हातारीने पाणी दिलं. "कोण चुकलंय का, दादा?" म्हटलं, लेक. ती म्हणाली, "मिळंल, मिळंल. इथं कोण हरवत नाय."

समी दिसली नाही.

ऑफिसातली बाई तीच. नंबर अजून दुसऱ्या कोणाला दिलेला नव्हता. पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हणाली, "मिळेल काका, पण आता तारेवरून नाही, त्या डब्यातूनच, इंटरनेटवरून वाजेल. दहा-बारा दिवस लागतील."

दहा-बारा दिवस ही काढेल का?

२३ मार्च

किशोरने फोनवरून शिकवलं. टॅबवर जुन्या फोनची घंटी लावून घेतली. कपाटावरचा फोन काढला, पुसला, पूर्वीच्या जागी ठेवला आणि त्याच्यामागे टॅब लपवला. अकराला पडवीत जाऊन माझ्या मोबाइलवरून, त्या इंटरनेटच्या ॲपवरून, टॅबला कॉल लावला. एक. दोन. बंद.

आत गेलो. हिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. दोन बोटं वर केली. मी म्हटलं, होय, दोन वाजल्या. बोटं खाली घेतली. आणि तोंड उघडलं!

अर्धी वाटी पेज गेली. फसवतोय मी तिला. फसवतोय, पण खाल्लं तिने.

२९ मार्च

रोज अकरा. एक, दोन, बंद. काल पूर्ण वाटी. आज मॅडमसमोर "पा" म्हणाली.

मनात येतं, पोरगी एवढी निगरगट्ट कशी? दोन महिने होत आले नंबर लागत नाही, आई आहे की गेली, बघायला तरी यावं! मग आठवतं, मेलीस कोण म्हणालं होतं.

२ एप्रिल

नंबर आला! जुना फोन डब्याला जोडला, उचलला, आत तोच घुईं आवाज. तोच नंबर. टॅब मागून काढून घेतला. साडेदहापासून फोनपाशी बसलो. आज उचलायचाच.

दहा चाळीसला वीज गेली. डबा बंद, दिवे बंद, फोन मुका. जुन्या तारेला स्वतःची वीज असायची, पावसात गावभर अंधार झाला तरी वाजायचा तो. हे नवं लाडकं बाळ! साडेबाराला वीज आली. भिंतीवर मूठ मारली मी. ही बघत राहिली. पेज घेतली नाही.

संध्याकाळी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. "समीक्षा, मी चुकलो. आईला बरं नाही. दोघंही या. गाडी पाठवतो." पुन्हा पुन्हा वाचलं. माफी कधी मागितलेली नाही, जिभेला वळण नाही.

३ एप्रिल

वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. कागद हातात, पण एवढंच आलं, "समे, घरी ये गो बाय."

पलीकडून पुरुषाचा आवाज.

"मी ओम. समीक्षा नाही बाबा. दोन वर्षं झाली. ताप आला, तीन दिवसांत गेली. म्हणाली होती, आईला कळू देऊ नका, रोज वाजवत जा. नंबर बंद लागत होता, तरी रोज लावत होतो."

ही कॉटवरून बघत होती. दोन बोटं वर. मी मान हलवली — बरी आहे.

आणि फोनमध्ये म्हणालो, "जावईबापू, उद्या पण वाजवा."