शनिवारचा काटा

प्रिय ढब्बे,

तीन कागद फाडून हा चौथा घेतला आहे. शेजारच्याच टेबलावर बसतेस, दिवसातून दहादा आपलं बोलणं होतं, मग ही बया पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. परवा जेवणाच्या सुट्टीत तू सरळच विचारलंस, ऑपरेशन करून पोट लहान करून घेऊ की चालून आणि मोजून खाऊनच वजन उतरवू? तू सांगशील तसं करते, म्हणालीस. मी डबा बंद केला आणि पार्सलची गाडी आली म्हणून उठले. गाडी आलीच नव्हती.

खरं सांगू, मला काही कळेनासं झालंय. एक बाजू मांडायला घेतली की दुसरी आडवी येते. ऑपरेशन म्हणजे आळशी माणसांची पळवाट, असं आपले गोदामाचे साहेब म्हणतात. त्यांना विचारावंसं वाटतं, अहो, जठराचा मोठा भाग कापून काढतात, पंधरा दिवस नुसतं पातळ प्यायचं, पुढे चार चमच्यांत पोट गच्च, पाचवा घेतला की उलटी, केस मूठमूठ गळतात, गोळ्या जन्मभर. यात आळस कुठे दिसला तुम्हाला? बरं, चालून उतरवणं सोपं म्हणावं तर तेही नाही. गुडघ्याला पट्टा बांधून दीड वर्ष सकाळी चालतेस, गोड सोडलंस, ताटातलं निम्मं काढून ठेवतेस, तरी अंग तुला दाद देत नाही. त्यात ऑपरेशन झालेल्यांनाही चालावंच लागतं, नाहीतर गेलेलं वजन परत येतं. मग चालायचंच आहे तर कापायचं कशाला? आणि कापल्याशिवाय धड चालवतच नसेल, तर त्या माणसाने करायचं काय?

दीड वर्षापूर्वी आपण दोघींनी मिळून सुरुवात केली, तेव्हा मात्र काहीच अवघड वाटलं नव्हतं. गोदामात आपल्याला 'ढब्बू आणि गोणी' म्हणायचे, आणि आपणही हसून घ्यायचो. दर शनिवारी सुट्टीत पार्सलच्या काट्यावर उभं राहायचं, हा नियम तूच काढलास. जी चढेल तिने डोळे मिटायचे, दुसरीने आकडा वाचायचा, म्हणजे रडू आलं तरी आधी मैत्रिणीच्या तोंडून ऐकल्यावर येईल. केवढं हसलो होतो त्या पहिल्या शनिवारी.

मग मी पाच आठवडे रजेवर गेले. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन, असं सगळ्यांना सांगितलं. परत आले ती उतरतच गेले. तू माझा आकडा वाचायचीस तेव्हा तुझ्या आवाजात काय आनंद असायचा! स्वतःचं पोर पहिलं आल्यासारखी ओरडायचीस. 'आमची गोणी रोज चालते, एकतीस किलो उतरवले,' असं तूच जेवणाच्या खोलीत जाहीर केलंस. मी गप्प राहिले. सुरुवातीला नुसती गप्पच होते. पुढे साहेबांनी फलकावर माझा फोटो लावला, नव्या मुली सल्ला विचारायला लागल्या, आणि मी चक्क सांगायला लागले, की जिने चढा, पाणी भरपूर प्या. सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसला. चालत तर मीही होतेच ना.

काल तुझी लेक माझ्याकडे आली होती. तिच्यावर चिडू नकोस. तुझी साखर कुठवर गेलीय, झोपेत तुझा श्वास कसा अडकतो, ती उठून तुला कशी हलवते, हे सगळं तिने सांगितलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, फार थांबू नका म्हणालेत, आणि तू मात्र मंगळवारी त्यांना नाही म्हणून सांगणार आहेस. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "मावशी, आई फक्त तुझंच ऐकते. ती म्हणते, गोणीने चालून करून दाखवलं, मग मला काय धाड भरलीय?"

तर ऐक. खडे नव्हते. पोट लहान करण्याचंच ऑपरेशन होतं ते. घरात फक्त ह्यांना माहीत आहे. तुझ्याबरोबर सुरुवात केली आणि तिसऱ्याच महिन्यात माझा धीर सुटला, हे तुला सांगायची लाज वाटली. त्या पाच आठवड्यांत मी मोरीशी उभी राहून चमच्याने पाणी प्यायचे आणि भीतीने रडायचे. तेव्हा सगळ्यांत जास्त तुझी आठवण यायची, आणि तुलाच फोन करता येत नव्हता. आता त्या एकतीसमधले ऑपरेशनचे किती आणि पायांचे किती, मला नाही सांगता येत. डॉक्टरांनाही विचारलं, ते नुसते हसले.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, हे कधीतरी बोललेही असते. तोंडाने सांगता येत नाही ते पुढचं आहे. दवाखान्यातला काटा बिघडलाय, आपला पार्सलचा काटा ग्रॅमसुद्धा चुकत नाही, असं तू लेकीला सांगितलंस. आपला काटा चुकत नाही, ढब्बे. आकडा मी चुकीचा वाचत होते. माझं वजन घसरत होतं आणि तू डोळे मिटून उभी असायचीस, तुझा चेहरा बघवायचा नाही. पहिल्यांदा अर्धा किलो कमी सांगितला, पुढे अर्ध्याचे सहा झाले. तुझे नऊ किलो उतरलेले नाहीत, तीनच उतरलेत. ते तीन मात्र शंभर टक्के तुझे आहेत, माझ्या एकतीसपेक्षा जास्त घाम गेलाय त्यांत. ऑपरेशन कर की करू नकोस, हे मी आजही सांगू शकत नाही. पण मंगळवारी जे काय ठरवशील ते माझ्या खोट्या आकड्यांवर ठरवू नकोस. हे पत्र डॉक्टरांना दाखव, त्यांनाच विचार. फक्त दाखवताना खालची माझी सही बोटाने झाक. नको, झाकू नकोस.

तुझीच, आणि तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
गोणी