तू घातलेली शपथ

प्रिय मनू,

फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाबा कान टवकारतात आणि तुला ऐकू जावं म्हणून उगाच मोठ्याने हसतात. शेजारचा नोमान सुट्टी संपवून मस्कतला परत निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देते. उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून बाबांना नवा उद्योग मिळालाय. आपल्या पनवेलच्या खिडकीत बसून प्रत्येक विमान दिसलं की मला विचारतात, मनूच्या गावाला जातं का गो? मी हो म्हणते. माझं काय जातंय!

परवा त्यांना पुन्हा रक्ताची उलटी झाली. अगदी सुरुवातीला नुसतं शौचाला काळं होत होतं, तेव्हा म्हणाले होते, माकुल म्हावरं खाल्लं ना, त्याची काळी शाई असेल. आपण सगळे हसलो होतो. यकृतातल्या कॅन्सरमुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. याही वेळी घशातून नळी घालून त्या शिरांना रबरी बंद लावले, रक्त चढवलं. आत नेताना त्यांनी माझा पदर घट्ट धरला होता, वॉर्डबॉयने हळूच सोडवला.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. शिरा पुन्हा फुटतील, पुन्हा बंद लावता येतील, पण यकृतच संपत आलंय, म्हणाल्या. घरी ठेवलंत तर गुंगीचं औषध देऊ, त्यांना त्रास कळणार नाही. गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवा, रक्त बघून माणूस घाबरतो. मी मरून रंगाचे आणले. तर बाबा म्हणतात, "यवरं टावेल? कुनाचं लगीन हाय?" मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

काल त्यांना सरळ विचारलं, आता नळी नको ना? म्हणाले, "नकोच हाय गो. पन पोरीनं शपथ घातलीय. मी नको बोललो आनि तिला काय झाला तं?" त्यात तू पोटुशी. मनू, तुझ्या आणि बाळाच्या जिवाला भिऊन हा माणूस नळी गिळतोय.

तू मायेनेच घातलीस गं, म्हणालीस, माझी शपथ आहे बाबा, उपचार सोडायचे नाहीत. मीच सोडवली असती, पण ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. लहानपणी रुसून शपथ घालायचीस आणि तू ती सोडवेपर्यंत ते ताटावर बसायचे नाहीत, आठवतं? हे वाचलंस की फोन कर. रडू नकोस. एवढंच म्हण, बाबा, सुटली.

तुझीच,
आई