लुडविनाची पहिली बुडी

नॉर्ट सालिन्या, बोनेर बेट
११ जानेवारी २०२४

प्रिय लुडविना,

तुझं पत्र परवा पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. निल्डाचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. वारा डिसेंबरात सुटला तो अजून थांबायचं नाव घेत नाही. काल दोरीवरची चादर उडून शेजारच्या निवडुंगाच्या कुंपणात अडकली, ती काढताना माझे दोन्ही हात सोलवटले.

दरवर्षी तुझं दोन ओळींचं कार्ड येतं. यंदा चार पानं आली आणि त्यात ही बातमी. सत्तावन्नाव्या वर्षी तू रॉटरडॅमच्या तरणतलावात डायव्हिंग शिकलीस, झीलंडच्या त्या गार, हिरव्या पाण्यात परीक्षाही दिलीस. निल्डाला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तुमच्या घराण्यात अक्कल उशिरा येते, पण येते."

एप्रिलमध्ये तू आणि तुझी ती मैत्रीण हानेके दहा दिवसांसाठी येताय, बोटीवरून नाही तर किनाऱ्यावरून उतरायचंय, आणि त्याचा बेत मी आखून द्यावा असं तू लिहिलंस. इतकी वर्षं हेच केलं, तेव्हा बेत आखणं मला जड नाही. सोबतच्या कागदावर दिवसवार लिहून दिलंय. इथे फक्त समजावतो.

पिकअपच घ्या, मोटार नको. हवेच्या टाक्या मागे उभ्या करता येतात आणि ओल्या कपड्यांनी बसलं तरी कुणी बोलत नाही. किनाऱ्याला गाडी लावाल तेव्हा आत काही ठेवू नका, कुलूपही लावू नका, काचा खाली ठेवा. आत काही नाही हे चोराला बाहेरूनच दिसू दे. जाड तळाचे बूट आण. इथला किनारा म्हणजे काही वाळू नव्हे, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि मधे मधे खड्डे, हे तुला काय सांगायचं, आपले तळवे त्यावरच घट्ट झाले. हातमोजे मात्र आणू नकोस, कुणी प्रवाळाला हात लावू नये म्हणून इथे बंदी आहे.

पहिल्या दिवशी फक्त गावाजवळ सोप्या ठिकाणी उतरा आणि कमरेला शिशाचं किती वजन लागतं ते बघा. झीलंडच्या जाड पोशाखाला लागणारं वजन इथे चालायचं नाही, धोंड्यासारखी खाली जाशील. चौथ्या दिवशी दक्षिणेला, मिठागरांच्या पुढे, पण सकाळी सातला. नंतर वारा पाणी चढवतो. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर ठिकाणांची नावं आहेत, चुकणार नाही. आधी प्रवाहाविरुद्ध जा, परतताना तोच तुम्हाला आणून सोडेल. उत्तरेचं ते पायऱ्यांचं ठिकाण सहाव्या दिवशी, तोवर पाय सरावतील. आत जाताना दोघींनी एकमेकींचा खांदा धरायचा, मोठी लाट जाऊ द्यायची, मग निघायचं. पूर्वेच्या किनाऱ्याला अजिबात जाऊ नका, हानेकेने कितीही आग्रह केला तरी.

शेवटची बुडी आणि विमान यांत पूर्ण एक दिवस राहू दे. त्या दिवशी रिंकोनला जाऊन बोकडाचा रस्सा आणि मक्याची फुंची खा. निल्डा म्हणते घरीच जेवा. बघ तुला कसं वाटतं ते.

शुर्मिना नावाची मुलगी आहे, माझ्याच हाताखाली तयार झाली. टाक्या आणि सामान तिच्याकडून घ्या. पहिले दोन दिवस ती तुमच्याबरोबर उतरेल, मी बोलून ठेवलंय.

आणखी काय लिहू? आंब्याला यंदा मोहोर बरा आहे. पोपट ठेवतील तेवढं आपलं.

तुझा भाऊ,
एडसेल


नॉर्ट सालिन्या
१९ फेब्रुवारी

प्रिय लुडी,

तुझं दुसरं पत्र मिळालं. तू लिहिलंस, "बेत उत्तम आहे, पण मी विचारलेल्या दोन गोष्टींना तू हात लावला नाहीस." नर्सबाईंपासून काही लपत नाही. पहिली गोष्ट, तुझ्याबरोबर मी उतरेन का. दुसरी हानेकेने तुला विचारलेली, "तुझ्या भावाला हे काम मुळात मिळालं कसं?"

पहिलीचं उत्तर सोपं आहे. मी उतरू शकत नाही. सहा वर्षांपूर्वी एक पाहुणा तीस मीटरवर घाबरला आणि वर धावत सुटला. त्याला धरून ठेवता ठेवता मीही त्याच्याबरोबर वर आलो, नको तितक्या वेगाने. तो वाचला. मला इस्पितळातल्या दाबाच्या कोठडीत चार वेळा ठेवलं, पण डावा पाय तेव्हापासून ओढत चालतो. डॉक्टर म्हणाले, आता समुद्र फक्त बघायचा. तुला कळवलं नाही, कारण तू आली असतीस. तू माझी सेवा करावीस आणि ती मी करून घ्यावी, एवढा निर्लज्ज मी नाही. असं का लिहितो ते आता सांगतो.

हा कागद मी तीन वेळा फाडला. निल्डाला वाटतं मी आयकराचं काहीतरी लिहितोय.

१९८३ साल. तू सतरा वर्षांची होतीस, मी एकवीसचा. प्रेंटिस साहेबाने तेव्हा नुकतीच धक्क्याजवळ डायव्हिंगसाठी लाकडी खोली उभारली होती, आठवतं ना? टाक्यांत हवा भरायचं यंत्र दिवसभर फटफटायचं म्हणून बाबा त्याला शिव्या घालायचे. बाबांच्या होडीचा नांगर खाली अडकला की तूच सूर मारून सोडवून आणायचीस. मी आणायचो तेव्हा धापा टाकत, नाकातून पाणी गाळत वर यायचो. तू यायचीस ती खाली कुणाशी गप्पा मारून आल्यासारखी.

मे महिन्यातला एक शनिवार. आई आणि तू चर्च झाडायला गेला होतात, बाबा समुद्रावर. मी अंगणात माशांचा पिंजरा विणत होतो. प्रेंटिस आला, हातात टोपी घेऊन. मला वाटलं बाबांच्या शिव्या त्याच्या कानावर गेल्या. पण तो म्हणाला, इथल्या कुणाला तरी शिकवून तयार करायचंय, पगार देईन, पुढे परवाना काढून देईन. आणि मग म्हणाला, "तुमची लुडविना हवी आहे मला."

मी म्हणालो, "ती ऑगस्टमध्ये हॉलंडला चाललीय. आणि खोल पाण्याला ती घाबरते."

तू कुठेही चालली नव्हतीस. नर्सिंगचा तो अर्ज मावशीने आणून कपाटावर टाकला होता आणि तू त्याला हातही लावला नव्हतास. आणि तू घाबरतेस हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण निघालं, आणि पाठोपाठ दुसरं निघालं, "मी मोकळा आहे."

त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, सोमवारी ये.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, साहेब कशाला आला होता म्हणे? मी म्हणालो, कामाला माणूस हवाय, बाईमाणसाचं काम नाही ते. मग कपाटावरचा अर्ज काढून तुझ्यापुढे ठेवला. इथे तुझ्यासाठी काय आहे, असं विचारलं. दोन दिवसांनी तू तो भरलास. ऑगस्टमध्ये विमानतळावर तुझी बॅग मीच उचलून नेली. बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, भावाला बघा बहिणीची किती काळजी.

प्रेंटिस दर दोन-तीन वर्षांनी विचारायचा, "बहीण कशी आहे? अजून घाबरते?" मी हसून हो म्हणायचो. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. त्यालाही खरं सांगितलं नाही.

लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे, मुलांना म्हणायचे, हे बघा, हा माणूस इथल्या समुद्राला ओळखतो. मी वाईट नव्हतो त्या कामात, हेही खरंच लिहितो. पण ते आयुष्य घेऊन तो माणूस माझ्यासाठी आलाच नव्हता.

तू मोठी नर्स झालीस, हजारो माणसं तुझ्या हाताखालून बरी होऊन गेली, म्हणून झालं ते चांगलंच झालं असं मी मनाला समजावत आलो. पण पहिल्या पत्रात तू लिहिलंस, "तलावाच्या तळाशी पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं, मी इतकी वर्षं होते कुठे." ते वाचलं आणि माझी समजावणी संपली.

येऊ नकोस असं वाटलं तर येऊ नकोस. आलीस आणि मला भेटावंसं वाटलं नाही, तरी बेताचा कागद जवळ ठेव. तो खरा आहे.

एडसेल


नॉर्ट सालिन्या
६ मे

लुडविना,

तुझं उत्तर आलं नाही. तुम्ही आलात हे मला शुर्मिनाकडून कळलं, तेही तुमचा दुसरा दिवस उलटल्यावर. ती फोनवर सहज म्हणाली, तुमची बहीण आलीय, तुम्ही कसे आला नाहीत? मी म्हणालो, वारा कानाला लागतो.

पाच दिवस मी घरातून हललो नाही. पण तू माझ्या कागदाप्रमाणे चाललीस तर सहाव्या दिवशी कुठे असशील हे मला ठाऊक होतं. निल्डाला तोपर्यंत सगळं सांगून झालं होतं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्या सकाळी तिने गाडीची किल्ली टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "जा. पण तिला काही मागू नकोस, माफीसुद्धा."

तुमची पिकअप उभी होती, काचा खाली, आत काही नाही. पायऱ्या उतरायला मला पंधरा मिनिटं लागली. खाली बसून बुडबुडे शोधत राहिलो. पाणी स्वच्छ होतं, काठावरूनही तू दिसलीस. हानेके हात मारत, वरखाली होत चालली होती. तू तिच्या बाजूला होतीस, हात छातीशी बांधलेले, आणि एका जागी इतकी स्थिर की आधी मला वाटलं तो खडकच आहे. मग तू पाय हलवलास, एकदाच, आणि सरकलीस. इतक्या वर्षांत मी हजारो माणसं पाण्यात पाहिली, लुडी. त्यातली तशी चारसुद्धा नसतील.

पुढचं तुला माहीत आहे. तू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस, मला बघितलंस. मी हात पुढे केला. तू त्यात पायांतून काढलेले फिन्स दिलेस, हात दिला नाहीस. स्वतःच्या पायांनी वर आलीस. मग तिथे दगडांवर, टाकी पाठीवर असतानाच, एवढंच विचारलंस, "त्याने खरंच माझं नाव घेतलं होतं?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात हानेकेचा पाय घसरला, ती ओरडली, तू तिला धरायला गेलीस. मग टाक्या, पायऱ्या, जेवायचं कुठे याची बोलणी, आणि तुम्ही गेलात. रिंकोनला जेवलात असं कळलं. घरी आला नाहीत, तेही बरोबरच आहे.

पण तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे राहिलंय आणि ते फक्त मलाच माहीत आहे, म्हणून लिहितो. प्रेंटिस म्हणाला होता, "तुमची लुडविना हवी आहे मला. महिनाभर बघतोय. त्या मुलीला पाण्यात घाई नसते. बाकी सगळं मी शिकवू शकतो, तेवढं मला शिकवता येत नाही." शब्द हेच होते. मागच्या पत्रातही मी ते गाळले. तेवढेही तुला द्यायला मन धजलं नाही, असा मी आहे.

तुम्ही गेल्यावर शुक्रवारी मी शुर्मिनाकडे गेलो. ती अंगणात तुमचं सामान गोड्या पाण्याने धूत होती. तिला यातलं काहीच माहीत नाही. वर न बघताच म्हणाली, "काका, तुमच्या बहिणीला कुणीतरी लहानपणीच शिकवायला हवं होतं. या बेटावर तिच्या तोडीचं कुणी झालं नसतं."

मी म्हणालो, "हो. एकाला शिकवायचं होतं तिला."

"मग?"

"मी नाही म्हणून सांगितलं."

तिने नळ बंद केला. आजवर ती मला गुरू मानायची. आता काय मानते ते मी विचारलं नाही. उद्यापासून कुणीही विचारलं, मला हे काम कसं मिळालं म्हणून, तर मी हेच सांगणार आहे, बाजारात, चर्चच्या दारात, जिथे विचारतील तिथे. तुला त्याचा आता काही उपयोग नाही हे मला कळतं.

शुर्मिना म्हणते तू तिच्याकडे नोव्हेंबरची चौकशी करून गेलीस, या वेळी महिनाभरासाठी. मी तिला पुढचं काही विचारलं नाही. आलीस तर तुझा बेत तूच आख. या समुद्राबद्दल तुला माझ्याकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ते तसं कधी नव्हतंच.

तुझी जागा घेऊन बसलेला,
एडसेल